बेकारी भत्ता : राज्याराज्यांत रक्कम निरनिराळी का?

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका आणि बेळगाव तालुका यांच्या सीमा एकमेकांस भिडलेल्या आहेत. दोहोंकडील शेतमजुरांची शेतीची कामे एकाच पावसावर अवलंबून असतात आणि मिठापासून तेलापर्यंतच्या जिनसांचे भाव दोघांनाही जवळजवळ सारखेच पडतात. असे असूनही २०२४-२५ या आर्थिक वर्षात ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर सीमेअलीकडील मजुराचा दर दिवसाला २९७ रुपये, तर पलीकडील मजुराचा ३४९ रुपये होता. काम मागूनही ते न मिळाल्यास द्यावयाचा बेकारी भत्ताही त्याच मानाने कमीअधिक होता. गोव्यात हाच दर ३५६ रुपये होता, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे तो २४३ रुपये होता.

देश एक, कायदा एक आणि रिकाम्या हातांची अडचणही एकच. मग रक्कम एक का नाही, असा प्रश्न सीमाभागातील गावांत वारंवार विचारला जातो. काही जण त्याचे उत्तर 'ते सरकार उदार, हे सरकार कंजूष' असे देऊन मोकळे होतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. भत्त्याची रक्कम ही एका लांब हिशोबाची शेवटची ओळ असते. तो हिशोब कोठून सुरू होतो हे ठाऊक असल्याशिवाय रकमेचा अर्थ लागत नाही आणि आपला हक्क नेमका कोणापाशी मागावयाचा हेही उमगत नाही.

राज्यघटनेतील आधार

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क, तसेच बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क यांचा उल्लेख आहे. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. शिवाय राज्याने हे सर्व 'आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' करावे, असे त्यातच म्हटले आहे. राज्याराज्यांतील फरकाचे पहिले बीज या शब्दांत आहे. कारण सर्व राज्यांची आर्थिक क्षमता सारखी नाही.

दुसरे बीज सातव्या अनुसूचीत आहे. सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, रोजगार आणि बेकारी हे विषय समवर्ती सूचीच्या २३ व्या नोंदीत येतात. म्हणजे त्यांवर संसदेलाही कायदा करता येतो आणि राज्य विधानमंडळांनाही. यामुळे बेकारांसाठी काही योजना केंद्राच्या, काही राज्याच्या, तर काही दोघांच्या मिळून झाल्या.

भत्त्याचे तीन प्रकार

बोलण्यात सर्वच रकमांना सरसकट 'बेकारी भत्ता' म्हटले जाते. परंतु त्यांचे तीन भिन्न प्रकार आहेत. पहिला विम्याचा : कामगार व मालक काम चालू असताना वर्गणी भरतात आणि काम सुटल्यावर त्या निधीतून रक्कम मिळते. दुसरा हमीचा : शासनाने कायद्याने काम देण्याचे वचन दिलेले असते आणि ते वचन न पाळले गेल्यास भरपाई म्हणून भत्ता द्यावा लागतो. तिसरा अनुदानाचा : राज्य शासन आपल्या अर्थसंकल्पातून विशिष्ट गटातील बेकारांना ठरावीक काळ रक्कम देते. रकमेतील फरकाची कारणे या तिन्ही प्रकारांत वेगवेगळी आहेत. खेड्यातील माणसाचा संबंध प्रामुख्याने दुसऱ्या प्रकाराशी येत असल्याने त्याचा विचार प्रथम करणे योग्य होईल.

हमीचा भत्ता : महाराष्ट्रातील प्रारंभ

काम मिळण्याच्या हक्काला कायद्याचे स्वरूप देण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर हाती घेण्यात आली. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्यास काम देता न आल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती.

या योजनेसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्नही महाराष्ट्राने त्याच वेळी सोडविला. १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम गावातील बंडिंगच्या वा पाझर तलावाच्या कामावरील मजुरीसाठी उपयोगी पडू लागली. कोणत्याही हमीमागे निधीची निश्चित वाट असावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

पाव आणि निम्मा

संसदेने २००५ साली संमत केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ही कल्पना देशभर नेली. ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस अकुशल कामाची हमी त्याने दिली. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास अर्जदार बेकारी भत्त्यास पात्र ठरे. पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि आर्थिक वर्षातील उरलेल्या काळासाठी किमान निम्मा, असे या भत्त्याचे प्रमाण होते. प्रमाण सर्व देशात एकच होते. परंतु ज्या मजुरीचा हा अंश काढावयाचा ती मजुरी प्रत्येक राज्यात निराळी होती. २०२४-२५ मधील दरांवरून हा हिशोब पुढीलप्रमाणे होतो :

गोवा : मजुरी ३५६ रुपये, पाव भाग ८९ रुपये, निम्मा भाग १७८ रुपये.
कर्नाटक : मजुरी ३४९ रुपये, पाव भाग ८७ रुपये २५ पैसे, निम्मा भाग १७४ रुपये ५० पैसे.
तेलंगणा : मजुरी ३०० रुपये, पाव भाग ७५ रुपये, निम्मा भाग १५० रुपये.
महाराष्ट्र : मजुरी २९७ रुपये; पाव भाग ७४ रुपये २५ पैसे; निम्मा भाग १४८ रुपये ५० पैसे.
गुजरात : मजुरी २८० रुपये, पाव भाग ७० रुपये, निम्मा भाग १४० रुपये.
मध्य प्रदेश : मजुरी २४३ रुपये; पाव भाग ६० रुपये ७५ पैसे; निम्मा भाग १२१ रुपये ५० पैसे.

उदाहरणार्थ, या प्रत्येक राज्यातील एका मजुराने रीतसर अर्ज केला आणि १५ दिवसांची मुदत संपल्यावर त्याला ४० दिवसांचा भत्ता देय झाला, असे समजू. पहिले ३० दिवस पाव दराने व पुढील १० दिवस निम्म्या दराने धरल्यास गोव्यातील मजुराचे किमान ४,४५० रुपये, कर्नाटकातील मजुराचे ४,३६२ रुपये ५० पैसे, महाराष्ट्रातील मजुराचे ३,७१२ रुपये ५० पैसे, तर मध्य प्रदेशातील मजुराचे ३,०३७ रुपये ५० पैसे होतात. अर्ज तोच, दिवस तेच. पण पहिल्या व शेवटच्या मजुरांत १,४१२ रुपये ५० पैशांचे अंतर पडते. हे अंतर भत्त्याच्या नियमाने निर्माण केलेले नाही. ते मजुरीच्या दरातून आलेले आहे.

मजुरीचे दर वेगळे कसे झाले?

कायद्याच्या प्रारंभी प्रत्येक राज्याने शेतमजुरांसाठी ठरविलेले किमान वेतन हीच रोजगार हमीची मजुरी मानण्यात आली होती. किमान वेतन ठरविताना राज्ये स्थानिक पिके, मजुरांची उपलब्धता आणि प्रचलित मजुरी विचारात घेतात; त्यामुळे ते मुळातच भिन्न होते. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र शासन सोसत असल्याने राज्यांनी किमान वेतन वाढविले की केंद्रावरील भार आपोआप वाढे. म्हणून १ जानेवारी २००९ पासून हे दर ठरविण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला आणि राज्याच्या किमान वेतनाशी असलेला त्यांचा संबंध तोडला.

२०११ पासून हे दर शेतमजुरांच्या ग्राहक मूल्य निर्देशांकाशी जोडण्यात आले. शेतमजुराच्या घरात लागणाऱ्या धान्य, डाळ, तेल, कापड, इंधन इत्यादी वस्तूंच्या किमती किती वाढल्या हे हा निर्देशांक दाखवितो. तो राज्यवार निघतो. म्हणून वार्षिक वाढही राज्यवार निराळी होते. जानेवारी २०११ मध्ये गोव्याचा दर १३८ रुपये, महाराष्ट्राचा १२७, कर्नाटकाचा १२५ आणि मध्य प्रदेशाचा १२२ रुपये होता. त्या वेळी महाराष्ट्र कर्नाटकापेक्षा दोन रुपयांनी पुढे होता. २०२४-२५ मध्ये तो ५२ रुपयांनी मागे पडलेला दिसतो. गोवा व मध्य प्रदेश यांच्यातील १६ रुपयांचे अंतर याच काळात ११३ रुपयांवर गेले.

येथे टक्केवारीचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे, आणि शाळेतील गणिताच्या तासाला तो शिकविता येण्यासारखा आहे. २०२५-२६ साठी मध्य प्रदेशाचा दर २४३ वरून २६१ रुपये झाला, म्हणजे सुमारे ७.४ टक्के वाढला. गोव्याचा दर ३५६ वरून ३७८ रुपये झाला, म्हणजे सुमारे ६.२ टक्के वाढला. टक्केवारीत मध्य प्रदेश पुढे होता. पण रुपयांत त्याला १८ आणि गोव्याला २२ रुपये मिळाले. अंतर ११३ वरून ११७ रुपयांवर गेले. लहान पायावरील मोठा टक्काही मोठ्या पायावरील लहान टक्क्याची बरोबरी करीलच असे नाही. निर्देशांक महागाईची भरपाई करतो. मूळचा कमीपणा भरून काढणे हे त्याचे काम नव्हे. भत्ता हा त्याच मजुरीचा अंश असल्याने तो कमीपणा भत्त्यातही उतरतो.

भत्ता कोणाच्या तिजोरीतून?

२००५ च्या कायद्यात एक महत्त्वाची विभागणी होती. अकुशल कामाची मजुरी केंद्राने द्यावयाची आणि बेकारी भत्ता राज्याने. राज्याने वेळेवर काम उपलब्ध करून द्यावे, न दिल्यास त्याचा भुर्दंड राज्यालाच बसावा, असा त्यामागील हेतू होता. हेतू चांगला होता; पण त्याची दुसरी बाजूही होती. अर्जाची नोंदच झाली नाही, तर विलंबही सिद्ध होत नाही आणि भत्ताही द्यावा लागत नाही. त्यामुळे ज्या गावात मजूर तोंडी काम मागून परत गेला, तेथे त्याचा हक्क कागदावर उमटलाच नाही.

म्हणून या कायद्याखाली अर्जाच्या दिनांकित पोचेला मजुरीइतकेच मोल होते. अर्ज किमान १४ सलग दिवसांच्या कामासाठी असावा लागे. पोचेवरील तारखेपासून १५ दिवस मोजले जात आणि देय झालेला भत्ता १५ दिवसांच्या आत द्यावा, असे बंधन होते. अर्जदारावरही जबाबदारी होती : काम देऊ केल्यावर १५ दिवसांत तो हजर न झाल्यास तीन महिने त्याला भत्ता मागता येत नसे. कुटुंबाचे १०० दिवस पुरे झाल्यावर राज्याचे दायित्व संपत असे.

पाव व निम्मा ही प्रमाणे किमान होती, हेही विसरता कामा नये. आपल्या आर्थिक क्षमतेनुसार अधिक दर ठरविण्याची मुभा राज्यांना होती. घटनेतील 'आर्थिक क्षमता' हे शब्द येथे पुन्हा भेटतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ करण्यात आले असून बहुसंख्य राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी ठरविण्यात आली आहे. ज्या मजुरीचा भार पूर्वी केंद्र एकटे उचलीत असे, त्यातही आता राज्याचा वाटा येत असल्याने राज्याच्या आर्थिक क्षमतेचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा होतो.

अनुदानाचा भत्ता

तिसऱ्या प्रकारात राज्य शासन आपल्या इच्छेने व अर्थसंकल्पातून रक्कम देते. कर्नाटकाने २०२३ साली 'युवा निधी' योजना जाहीर केली. २०२२-२३ मध्ये उत्तीर्ण होऊन १८० दिवस नोकरी न मिळालेल्या पदवीधरास दरमहा ३,००० रुपये आणि पदविकाधारकास १,५०० रुपये, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे, असे तिचे स्वरूप होते. मध्य प्रदेशाने २०२३ साली 'सीखो कमाओ' योजनेखाली शिक्षणानुसार दरमहा ८,००० ते १०,००० रुपये देऊ केले. महाराष्ट्राने २०२४ साली 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आणून बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठेवले.

नुसते आकडे शेजारी ठेवले तर कर्नाटकाची रक्कम फारच थोडी वाटेल. परंतु ही तुलना योग्य नाही. कर्नाटकाची रक्कम काम नसल्याबद्दलची मदत होती. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांची रक्कम एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष जाऊन काम शिकण्याबद्दलचे विद्यावेतन होते. एकीकडे घरी राहून नोकरी शोधता येत होती. दुसरीकडे दिवसाचे तास द्यावे लागत होते. रक्कम पाहण्यापूर्वी ती कशाबद्दल, कोणास आणि किती काळ दिली जाते हे पाहिले पाहिजे. अशा योजना अर्थसंकल्पावर आधारलेल्या असल्याने त्यांच्या अटी बदलू शकतात. गतवर्षीच्या माहितीवर विसंबून कोणाही तरुणाने वेळ व प्रवासखर्च वाया घालवू नये. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचा शासन निर्णय पाहावा.

विम्याचा भत्ता : एकच नियम आणि पन्नास नियम

कारखान्यातील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. तिच्याखाली २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. २०१८ साली आलेल्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत काम सुटलेल्या विमाधारकास प्रारंभी सरासरी कमाईच्या २५ टक्के व २०२० पासून ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत देण्यात आली. येथे वडोदऱ्याचा कामगार व हैदराबादचा कामगार यांना नियम एकच होता. रक्कम कमीअधिक झाली ती प्रत्येकाच्या स्वतःच्या कमाईमुळे, राज्यामुळे नव्हे. वर्गणीचा दर, निधी आणि नियम हे तिन्ही देशभर एक असले म्हणजे राज्याची सीमा रकमेच्या आड येत नाही.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मालकांवर केंद्रीय कर बसविला. मात्र राज्याने स्वतःचा बेकारी विमा कायदा केल्यास त्या करातील मोठा भाग माफ करण्याची सोय ठेवली. त्यामुळे सर्वच राज्यांनी कायदे केले. पण प्रत्येकाने आपल्या मताने. भत्ता पूर्वीच्या कमाईवरून ठरतो आणि त्यावर राज्याची कमाल मर्यादा असते. २०२४ मध्ये मिसिसिपी राज्यात ही मर्यादा आठवड्याला २३५ डॉलर होती, तर वॉशिंग्टन राज्यात ती १,००० डॉलरांहून अधिक होती. याचे एक मोठे कारण असे की वॉशिंग्टन राज्यात ही मर्यादा राज्यातील सरासरी वेतनाशी जोडलेली असून वेतनाबरोबर ती वाढते. मिसिसिपीत ती कायद्यात लिहिलेल्या आकड्यावर स्थिर राहिली. निधीचा पायाही भिन्न होता. त्या वर्षी प्रत्येक कामगाराच्या वेतनातील ज्या रकमेपर्यंत मालकाला राज्याचा हा कर भरावा लागे, ती मिसिसिपीत १४,००० डॉलर आणि वॉशिंग्टनमध्ये ६८,५०० डॉलर होती. जेथे निधीत येणारा ओघ लहान, तेथे बाहेर जाणारा ओघही लहान, हा नियम येथेही आढळतो.

हिशोब समजून घेण्याची रीत

या सर्व उदाहरणांवरून असे दिसते की कोणत्याही बेकारी भत्त्याची रक्कम चार गोष्टींवर ठरते. ती कोणत्या पायावर मोजली जाते : मजुरीवर, पूर्वीच्या कमाईवर की अर्थसंकल्पातील ठोक आकड्यावर? त्या पायाचा कितवा हिस्सा मिळतो व किती काळ? तो पाया महागाईबरोबर वाढतो की स्थिर राहतो? आणि पैसा कोणाच्या तिजोरीतून येतो? दोन राज्यांच्या रकमांत फरक दिसला की हे चार प्रश्न क्रमाने विचारावेत. फरक कोठे पडला ते बहुधा लगेच ध्यानात येते.

प्रश्न कोणापाशी न्यावयाचा हेही त्यावरूनच ठरते. मजुरीचा दर केंद्राने ठरविलेला असताना त्याबद्दल ग्रामपंचायतीशी भांडून उपयोग नाही. परंतु अर्जाची पोच न मिळाल्यास ती तक्रार ग्रामपंचायत व तहसील पातळीवरचीच आहे. अनुदानाची रक्कम अपुरी वाटत असेल, तर तो विधिमंडळातील चर्चेचा विषय आहे. विम्याचा दावा अडला असेल, तर विमा महामंडळाच्या शाखेकडे जावे लागते.

या कामी गावातील शिक्षकांचे व ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. चालू वर्षाचा मजुरीचा दर व त्यावरून निघणारा भत्ता चावडीच्या फलकावर ठळक लिहिणे, मजुरास लेखी अर्ज करण्यास शिकविणे आणि त्यावर तारखेसह पोच देणे, यांसाठी कोणत्याही जादा निधीची आवश्यकता नाही. चंदगडकडील मजुरास बेळगावकडील मजुराएवढी रक्कम मिळवून देणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. मात्र त्याच्या स्वतःच्या राज्यात जे त्याचे देणे आहे ते पोचेअभावी बुडू नये, एवढे पाहणे निश्चितच तिच्या हाती आहे.